शाळेच्या व्यवस्थेवरून देशाची मूल्ये ओळखता येतात का?

वैशाली_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका अनुदानित प्रशालेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. जर्मनीतील बव्हेरिया राज्यात राहणाऱ्या माझ्या चुलत भावाच्या मुलीवरून आमच्या घरात सध्या जी चर्चा चालू आहे, तिचा मूळ मुद्दा घरापुरता नाही असे वाटल्याने तो येथे मांडत आहे.

त्या राज्यात चौथीच्या अखेरीस, मूल जेमतेम दहा वर्षांचे असताना, त्याची पुढची शाळा ठरते. तेथे १ ही सर्वांत चांगली श्रेणी आणि ६ ही सर्वांत खालची. जर्मन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये जाऊ शकते, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशुले या दहावीपर्यंतच्या, मधल्या स्तराच्या शाळेत. आणि त्याहून खालच्या श्रेणींची मुले मुख्यतः कामधंद्याच्या प्रशिक्षणाकडे नेणाऱ्या मिटेलशुलेमध्ये जातात. आमच्या भाचीची सरासरी २.६६ आली, याचा अर्थ तीनपैकी एका विषयात एक श्रेणी वर असती तर तिच्यासाठी दुसरा दरवाजा उघडला असता. माझे काका आयुष्यभर मागावर उभे राहिले आणि त्यांनी मुलाला अभियंता केले. दहा वर्षांच्या मुलीबद्दल असा निर्णय होऊ शकतो, हे त्यांना काही केल्या पटत नाही. भावाच्या जर्मन शेजाऱ्यांना मात्र त्यात दुःख करण्यासारखे काहीच दिसत नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा रेआलशुलेतून पुढे विजेच्या कामाचे प्रशिक्षण घेऊन उत्तम स्थिरावला आहे.

शाळा हा समाजाच्या मूल्यांचा आरसा असतो, असे आम्ही शिक्षक प्रशिक्षणांतून सतत ऐकतो. मला विचारायचे आहे ते असे: ही विभागणी खरोखर जर्मन लोकांच्या मूल्यांतून आली आहे, की ती जुनी प्रशासकीय सवय आहे आणि मूल्यांचे स्पष्टीकरण तिला मागाहून चिकटवले गेले आहे? आणि एखादा परका माणूस आपल्या सोलापुरातील शाळा पाहून आपल्या मूल्यांबद्दल काही निष्कर्ष काढू लागला, तर त्याने नेमके काय पाहावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_मुख्याध्यापक

वैशालीताई, ‘जर्मन माणसाला शिस्त आणि वर्गवारी आवडते, म्हणून त्यांची शाळा तशी’ असे म्हटले की उत्तर मिळाल्यासारखे वाटते, परंतु इतिहासापुढे ते टिकत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी तेथे सधन घरांतील मुले फी आकारणाऱ्या स्वतंत्र पूर्वशाळांतून थेट गिम्नाझियममध्ये जात आणि बाकीची मुले लोकशाळेत शिकत. महायुद्धानंतर आलेल्या वायमार प्रजासत्ताकाने, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या लोकशाही राजवटीने, १९२० साली कायदा करून सर्व मुलांसाठी पहिली चार वर्षे एकत्र केली. आज आपल्याला जी चार वर्षे तोकडी वाटतात, ती त्या वेळी समतेच्या बाजूने लढून पदरात पाडून घेतलेली होती. अधिक वर्षे एकत्र शिक्षण हवे असणाऱ्यांना तेवढ्यावर समाधान मानावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांच्या मंडळाने ही विभागणी रद्द करण्याची शिफारस केली आणि तिला सर्वांत कडवा विरोध झाला तो बव्हेरियात. पूर्व जर्मनीत मात्र त्याच काळात सर्वांना आठ वर्षे एकत्र शिकवणारी शाळा उभी राहिली आणि १९५९ साली ती दहा वर्षांची झाली. लोक तेच, भाषा तीच, आजी-आजोबांच्या गोष्टीही त्याच. तरीही सीमेच्या दोन बाजूंना दोन निराळ्या शाळा होत्या. संस्कृतीच सर्व ठरवत असती, तर हे घडायला नको होते.

अलीकडचे उदाहरणही बोलके आहे. हॅम्बुर्ग शहराच्या सरकारने एकत्र शिक्षण चार वर्षांवरून सहा वर्षांवर नेण्याचे ठरवले, तेव्हा पालकांच्या एका गटाने सार्वमताची मागणी केली आणि जुलै २०१० मध्ये तो बदल मतदारांनी फेटाळला. सधन वस्त्यांतून मतदानाचे प्रमाण अधिक होते. ज्यांच्या मुलांना गिम्नाझियम मिळणार असते ते संघटित असतात. ज्यांच्या मुलांना ते मिळणार नसते त्यांच्यापर्यंत मतपत्रिकेचे महत्त्वही पोहोचलेले नसते. डिसेंबर २००१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांची क्षमता जोखणाऱ्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीचे निकाल जाहीर झाले, तेव्हा जर्मनी सरासरीच्या खाली होताच, शिवाय घरची परिस्थिती आणि मुलाचे गुण यांचे नाते तेथे फार घट्ट असल्याचे उघड झाले. त्या देशात त्यावरून मोठी खळबळ उडाली, पण विभागणी मोडली नाही.

फिनलंडचे नाव आपल्याकडे प्रत्येक शिक्षण परिषदेत घेतले जाते. त्या देशातही १९७० च्या दशकापर्यंत मुलांची साधारण अकराव्या वर्षीच दोन वाटांत विभागणी होत असे, हे मात्र तेथे कोणी सांगत नाही. १९६८ साली त्यांनी कायदा केला, १९७२ साली उत्तरेकडील लॅपलंडपासून नऊ वर्षांच्या समान शाळेची सुरुवात केली आणि १९७७ पर्यंत ती राजधानीच्या परिसरात आणली. शहाण्या क्रमाने केलेले हे काम मला फार महत्त्वाचे वाटते, कारण नवी व्यवस्था सर्वांत दूरच्या आणि दुर्लक्षित भागाला आधी मिळाली. पाठोपाठ १९७९ साली शिक्षकासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली. शाळेतील मोफत जेवण तर १९४८ पासून प्रत्येक मुलाला मिळत होते, गरिबाला वेगळे आणि श्रीमंताला वेगळे असे नाही. या सगळ्याला फिनिश स्वभाव म्हणायचे असेल तर म्हणावे, परंतु तो स्वभाव कायद्याने आणि पैशाने घडवला गेला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत असे आहे की पाठ्यपुस्तकातील प्रतिज्ञा, भिंतीवरचे सुविचार आणि शाळेचे ब्रीदवाक्य यांकडे त्या परक्या माणसाने अजिबात पाहू नये. मुलांची विभागणी कोणत्या वयात आणि कशाच्या आधारे होते, पैसा कोठून येतो आणि मागे पडलेल्या मुलाचे पुढे काय होते, एवढे त्याने पाहावे. सोलापुरात त्याने सकाळी एखाद्या पेठेत उभे राहावे. एकाच वाड्यातील एक मुलगी चालत महापालिकेच्या शाळेत जाते, समोरच्या खोलीतील मुलगा रिक्षात दाटीने बसून अनुदानित शाळेच्या सेमी इंग्रजी वर्गाला जातो आणि वरच्या मजल्यावरील मुलाला न्यायला केंद्रीय मंडळाच्या शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर थांबते. ही तिघे संध्याकाळी एकत्र खेळतात, पण सकाळी एकत्र शिकत नाहीत. ही विभागणी त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, बालवर्गाच्या प्रवेशाच्या वेळीच झालेली असते आणि तिचा आधार पालकांचा खिसा असतो. बव्हेरियात निदान मुलाच्या हाती श्रेण्यांचा कागद देतात आणि त्यावर दाद मागण्यासाठी तीन दिवसांच्या चाचणी-वर्गाची सोय ठेवतात. आपल्याकडे कोणताही कागद नसतो, त्यामुळे दाद कोणाकडे मागायची हेही पालकाला कळत नाही. भारत सरकारने नेमलेल्या कोठारी शिक्षण आयोगाने १९६४ ते १९६६ या काळातील आपल्या कामात परिसरातील सर्व मुलांसाठी एकच शाळा असावी असे सुचवले होते. आपण त्या शिफारशीला विरोध केला नाही, ती नुसती बाजूला ठेवली. आणि विरोध करण्याचीही गरज कोणाला भासली नाही, यातच आपल्या मूल्यांबद्दल पुष्कळ कळते.

शिल्पनिदेशक

मुख्याध्यापक सरांच्या मांडणीशी मी सहमत आहे, पण वैशालीताईंच्या काकांना जे दुःख झाले त्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि ती माझ्या रोजच्या कामाशी निगडित आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना घरी ‘दुसरीकडे कोठे लागला नाही म्हणून आयटीआय’ असे ऐकवलेले असते, आणि ते त्यांच्या मानेच्या ठेवणीवरून पहिल्या दिवशीच कळते.

एका मुलाचे उदाहरण देतो. त्याच्या वडिलांकडे जकार्डचे माग होते. जकार्डच्या वर पुठ्ठ्याच्या छिद्रांकित पट्ट्यांची माळ फिरत असते आणि छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो. चादरीवरील मोर किंवा फुले यातूनच उमटतात. नक्षीत एका ठिकाणी सतत चूक येऊ लागली, तर माळेतील कोणती पट्टी आणि तिच्यातील कोणते छिद्र तपासायचे, हे हा मुलगा नक्षी पाहून सांगत असे. ही शुद्ध गणिती विचारशक्ती आहे. छिद्र आहे किंवा नाही, या दोनच खुणांवर पुढे संगणकाची सारी इमारत उभी राहिली. दहावीला त्याला गणितात काठावरचे गुण होते. त्याच्या शाळेने त्याला कधी मागाबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. ज्या शहराची चादर भौगोलिक मानांकन मिळवते, त्या शहराच्या शाळेत त्या चादरीमागील बुद्धीला एकही गुण नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

जर्मनीत कारागिरीला मान आहे असे आपण ऐकतो. तो मान कशावर उभा आहे, तेही पाहायला हवे. तेथे सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत. शिकाऊ मुलगा आठवड्यातील एक-दोन दिवस व्यवसायशाळेत आणि उरलेले दिवस प्रत्यक्ष कारखान्यात किंवा कार्यशाळेत असतो, आणि त्या काळात मालक त्याला दरमहा विद्यावेतन देतो. पुढे परीक्षा देऊन ‘माइस्टर’, म्हणजे प्रमाणित निष्णात कारागीर, झाल्याशिवाय अनेक व्यवसायांत स्वतःचे दुकान थाटता येत नाही. २००४ साली ही अट ५३ व्यवसायांसाठी शिथिल केली गेली, परंतु कामाचा दर्जा आणि प्रशिक्षण घसरत असल्याच्या तक्रारींमुळे २०२० साली त्यांपैकी १२ व्यवसायांत ती पुन्हा लागू झाली. आणि २००९ पासून माइस्टर झालेल्या माणसाला सर्व राज्यांत विद्यापीठाचे दार खुले आहे. हाताच्या कामाला प्रतिष्ठा देण्याचे भाषण करणे सोपे असते. त्या कामासाठी परवाना, वेतन आणि वरच्या शिक्षणाची वाट या तीनही गोष्टी कायद्याने बांधून देणे अवघड असते. शेजारच्या जर्मन कुटुंबाला दुःख झाले नाही, याचे कारण त्यांच्या मुलाचे पगारपत्रक आणि त्याच्यापुढची वाट हे आहे.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनात थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळतो, हे पालकांना आम्ही ओरडून सांगतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची कल्पना आहे. ती सोलापुरात मनापासून राबवली, मागावरच्या माणसाला सन्मानाने वर्गात बोलावून त्याच्या ज्ञानाचे मोल मुलांसमोर दिले, तर फार चांगले होईल. पण त्या विणकराच्या हातात महिनाअखेरीस किती पैसे पडतात हे मुले पाहतच असतात, आणि ती शाळेपेक्षा त्या आकड्यावर अधिक विश्वास ठेवतात.

वैशालीताई, आपल्या भावाला एवढे अवश्य सांगा की रेआलशुलेत दहावीनंतर चांगले गुण असल्यास फाखओबरशुले या शाळेतून उच्च शिक्षणाकडे जाता येते. पहिल्या वळणावर सगळे संपत नाही.

चंद्रभागा

मी मूळची पंढरपूरची. पतीच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे जपानमध्ये नागोयाला राहिलो आणि माझा मुलगा तेथील सरकारी प्राथमिक शाळेत शिकला. जपानमधील मुले स्वतः वर्ग झाडतात, हे समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे आता आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याखाली ‘यालाच संस्कार म्हणतात’ अशा प्रतिक्रियाही असतात. मी ते दररोज पाहिले असल्याने थोडे तपशिलात लिहिते.

दुपारच्या जेवणाची पाळी असलेली मुले पांढरा झगा, टोपी आणि तोंडाला मुखपट्टी बांधून जेवणाची भांडी वर्गात आणतात आणि सर्वांना वाढतात. कोणाला किती वाढायचे, उरलेले कोणाला द्यायचे, सांडले तर कोणी पुसायचे, हे मुलेच ठरवतात. शिक्षिका त्यांच्यासोबत त्याच वर्गात तेच जेवते. मुलांना काय जेवण द्यायचे हे आहारतज्ज्ञ ठरवतात आणि जेवणाची वेळ हाही शिक्षणाचाच भाग मानला जातो. यासाठी १९५४ पासून स्वतंत्र कायदा आहे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे सफाई असते. लहान गट पाडलेले असतात, त्यांच्या जागा ठरावीक काळाने बदलतात, त्यामुळे आज जो फळा पुसतो तो काही दिवसांनी स्वच्छतागृह धुतो. या बदलत्या पाळीतच सगळे सामावले आहे. कोणतेही काम कोणाच्याही नावावर कायमचे लागत नाही.

त्याच शाळेची दुसरी बाजूही मी पाहिली. गटाच्या चालीने न चालणाऱ्या मुलाला तेथे फार एकटे वाटते. केसांचा रंग, मोज्यांचा रंग यांचे नियम अनेक शाळांत इतके काटेकोर होते की जन्मतः तपकिरी केस असलेल्या एका मुलीला ते काळे करायला लावल्याचे प्रकरण ओसाकाच्या न्यायालयापर्यंत गेले. टोकियोच्या महानगर प्रशासनाने आपल्या उच्च माध्यमिक शाळांतील असे नियम २०२२ मध्ये रद्द केले. आजारपण किंवा गरिबी हे कारण नसताना वर्षात ३० किंवा त्याहून अधिक दिवस शाळेत न येणाऱ्या प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक मुलांची संख्या २०२३ च्या शैक्षणिक वर्षात ३ लाख ४६ हजारांच्या वर गेली. एकमेकांना सांभाळण्याचे मूल्य आणि वेगळ्याला न सांभाळण्याची कठोरता, दोन्ही एकाच वर्गात घडतात.

आता आपल्याकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यातील कितीतरी गावांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत मुले परिपाठाआधी आवार झाडतात. त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण स्वच्छतागृह धुण्याची वेळ आली की गुरुजींची नजर कोणत्या मुलाकडे जाते, हे विचारल्याशिवाय आपण जपानचे उदाहरण देऊ नये असे मला फार मनापासून वाटते. आपल्याकडे झाडूला जात चिकटलेली आहे. माझ्या गावात हे सांगायला मी बिचकणार नाही, कारण ज्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला त्यांनीच पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. झाडणे आणि शिकणे या दोन गोष्टी एकाच माणसाने कशा जोडल्या, हे समजून घेण्यासाठी आम्हाला नागोयाला जाण्याची गरज नव्हती. जपानची पद्धत आणायची असेल तर झाडू आणू नये. पाळीचा तक्ता आणावा, आणि त्यात पाटलांच्या, डॉक्टरांच्या व शिक्षकांच्या मुलांची नावे स्वच्छतागृहासमोरच्या रकान्यात ठळकपणे येऊ द्यावीत.

वैशाली_सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिल्पनिदेशक सरांनी सांगितलेली दहावीनंतरची वाट मी भावाला कळवली आहे. चंद्रभागाताई, पाळीच्या तक्त्याबद्दल आपण लिहिले ते वाचून मी आमच्या शाळेतील सफाईचा तक्ता आज पुन्हा पाहिला. त्यात स्वच्छतागृहाचा रकानाच नाही. ते काम ‘बाहेरची बाई’ करते आणि तिचे नाव शिक्षकांपैकी कोणालाही सांगता आले नाही.

यातून एक प्रश्न उरतो. मुख्याध्यापक सर म्हणतात की व्यवस्था कायद्याने आणि सत्तेने घडते; शिल्पनिदेशक सर आणि चंद्रभागाताई दाखवतात की समाजाच्या सवयी शाळेत शिरतातच. मग समाजाला नको असलेले मूल्य शाळेने आणणे शक्य असते का? नागरिकशास्त्राच्या तासाला मी समतेबद्दल शिकवते, तेव्हा माझ्या मनात हा प्रश्न असतो.

जुनी_मिल

शक्य असते, आणि त्याचा पुरावा याच महाराष्ट्रात आहे. १८४८ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा ती शाळा त्या समाजाच्या कोणत्या मूल्याचे प्रतिबिंब होती? सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल फेकणाऱ्यांची मूल्ये हीच त्या काळाची प्रचलित मूल्ये होती. १८८२ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतिरावांनी जे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. शेतकऱ्याच्या कष्टातून जमा झालेला सरकारी महसूल उच्च वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे मुख्याध्यापक सरांनी सुचवलेली पैशाची कसोटी त्यांनी तेव्हाच लावली होती. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि निरनिराळ्या जातींची मुले एकाच वसतिगृहात, एकाच पंगतीत बसवली. ‘कमवा आणि शिका’ हे शिल्पनिदेशक सरांच्या मुद्द्याचे अस्सल मराठी उत्तर आहे, कारण तेथे हाताचे काम नापास मुलाच्या वाट्याला ढकललेले नव्हते, ते प्रत्येकाला करावे लागे.

तेव्हा वैशालीताई, आपल्या शाळांत दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात असे मी म्हणेन. एक समाजाला आहे तसा पुढे नेणारी आणि दुसरी समाजाशी भांडणारी. या भांडणाचा ताजा प्रसंग सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने अधिसूचना काढून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या बंधनातून सूट दिली. सोलापूरसारख्या शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधावी लागेल. त्यामुळे ती तरतूद जवळपास संपल्यातच जमा होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या गल्लीत दोन प्रकारची माणसे होती. रिक्षा चालवणारा एक बाप मोबाइलवर ती बातमी पुन्हा पुन्हा वाचून घेत होता. आणि त्याच गल्लीतील फी भरणारे काही पालक आता वर्गात ‘तसली’ मुले येतील म्हणून नाराज होते. देशाचे मूल्य नेमके कोणते म्हणायचे? कायद्यात लिहिलेले, न्यायालयाने वाचवलेले, की दुसऱ्या पालकांच्या तोंडून बाहेर पडलेले? माझ्या मते शाळा ही या तिघांमधील झुंजीची जागा आहे, आणि तेथे शिक्षक कोणाच्या बाजूने उभा राहतो यावर बरेच काही अवलंबून असते. या २५ टक्के जागांवर सोडतीतून आलेल्या मुलाला स्नेहसंमेलनात कोणत्या रांगेत उभे करायचे, हे मुंबईतील न्यायालय ठरवू शकत नाही.

पूर्वभागकर

चर्चा वाचत होतो. सोलापूरबद्दल इतके लिहिले गेले, पण भाषेचा उल्लेख राहून गेला, म्हणून लिहितो. माझे आजोबा तेलंगणातून विणकामासाठी येथे आले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मालकाशी कधी कन्नड, असे आमचे बालपण गेले, आणि माझे प्राथमिक शिक्षण तेलुगू माध्यमात झाले. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. आपली बालभारती मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती, सिंधी अशा भाषांतही पाठ्यपुस्तके छापते. परक्या माणसाने आमच्या शहरात काही पाहायचेच असेल, तर त्याने हे अवश्य पाहावे. १९५६ साली राज्यघटनेत आलेल्या ३५०क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगितले, आणि सोलापुरात ती सोय खरोखर उभी आहे.

हे किती विरळ आहे, हे फ्रान्सकडे पाहिल्यावर कळते. १८८१-८२ मध्ये जूल फेरी यांच्या कायद्यांनी तेथे शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. ती फार मोठी गोष्ट होती. पण त्याच शाळांत ब्रेतान प्रांतातील मुलांना घरची ब्रेतॉन भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, कारण सर्व नागरिक समान हवेत तर सर्वांची भाषाही एकच हवी, असे त्या प्रजासत्ताकाचे मत होते. फिनलंडने उलट वाट धरली. तेथे लोकसंख्येच्या जेमतेम पाच टक्के असलेल्या स्वीडिश भाषकांना बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत आपल्या भाषेत शिकता येते. मुख्याध्यापक सरांनी सांगितलेल्या समान शाळेत भाषा मात्र दोन आहेत, याची भर मी घालतो. समान शाळा आणि एक भाषा यांची सांगड घालण्याची गरज नसते.

मग आमच्या तेलुगू शाळांचे पट का घसरत आहेत? त्या कोणी बंद पाडलेल्या नाहीत. आम्हीच मुलांना तेथून काढतो. माझ्या भावाने आपल्या मुलीला इंग्रजी शाळेत घातले, कारण तेलुगू माध्यमातून पुढे महाविद्यालयात जाताना त्याला स्वतःला जे अडखळावे लागले ते तिच्या वाट्याला येऊ नये, अशी त्याची इच्छा होती. त्याला मी दोष देत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्याचेही मी स्वागत केले, कारण येथे राहून मराठी न येणे हे मुलाचेच नुकसान आहे. प्रश्न इतकाच की घरची भाषा, राज्याची भाषा आणि नोकरीची भाषा या तिन्हींना एका वर्गात जागा देणारा शिक्षक आपण तयार केला नाही. आपण तीन वेगळ्या शाळा काढल्या आणि निवड पालकांवर सोडली.

वैशालीताई, आपण नागरिकशास्त्र शिकवता म्हणून एक गोष्ट सुचवतो. आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला असलेली प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली मूळ तेलुगूत लिहिली. आमच्या पूर्व भागातील मुलांना हे ठाऊक नसते, आणि त्यांच्या मराठी शिक्षकांनाही बहुधा नसते. आपल्या वर्गात तेलुगू घरांतील मुले असतीलच. परिपाठाला एखाद्या दिवशी त्यांच्यापैकी एकाला ती प्रतिज्ञा मूळ तेलुगूत म्हणू द्या. आमच्याकडील जुन्या तेलुगू पुस्तकातील पान हवे असल्यास मी त्याचे छायाचित्र येथेच टाकतो.